पापणी पडली आहे की कातडी सैल झाली आहे?

‘एक डोळा लहान दिसतो, ब्लेफरोप्लास्टी करून द्या.’ ही मागणी पुन्हापुन्हा कानावर येते आणि बरेचदा चुकीच्या ऑपरेशनची असते. ब्लेफरोप्लास्टीत वरच्या पापणीची जादा कातडी आणि गरज पडली तर थोडी चरबी काढतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण पापणी उचलून धरतो तो आतला लिव्हेटर स्नायू. तोच ढिला पडला असेल तर कितीही कातडी कापा, पापणी वर येणार नाही. उलट हाव धरून जास्त कापली तर डोळा पुरता मिटत नाही आणि बुबुळ कोरडं पडतं. भुवईच्या खालच्या कडेपासून पापणीच्या केसांच्या ओळीपर्यंत निदान 20 मिलिमीटर कातडी राहायलाच हवी.

ओळखायचं कसं? आरशासमोर कपाळ सैल सोडा. लोंबणारी घडी कापसाच्या काडीने अलगद वर करा आणि पापणीची कड पाहा. कड बुबुळाचा वरचा एक-दोन मिलिमीटर भाग झाकत असेल तर ती जागेवर आहे, दोष कातडीचा. कडच बाहुलीकडे उतरली असेल तर तो टोसिस. उतारवयात दोन्ही एकत्र असू शकतं.

टोसिसमध्ये भुवई अंगठ्याने दाबून धरून खाली आणि मग वर बघायला लावतात आणि कड किती सरकते ते पट्टीने मोजतात. 12 मिलिमीटर किंवा जास्त सरकली तर लिव्हेटरची सुटलेली पट्टी पुढे ओढून शिवता येते. चार किंवा कमी असेल तर पापणी कपाळाच्या स्नायूला टांगावी लागते.

खरी फसगत होते ती दोन डोळ्यांच्या फरकात. मेंदू दोन्ही लिव्हेटरना सारखाच हुकूम पाठवतो. डावी पापणी पडली की हुकूम वाढतो, त्या जोरावर उजवीही ताणून उघडी राहते आणि ‘चांगली’ दिसते. डावी दुरुस्त केली की जोर ओसरतो आणि उजवी खाली येते. मग पेशंट म्हणतो, ऑपरेशनने चांगला डोळा बिघडवला. बिघडवला नाही, तिथला टोसिस आधीपासून होता, फक्त लपलेला. म्हणून पडलेली पापणी बोटाने उचलून धरायची आणि दुसऱ्या डोळ्याच्या पापणीवर नजर ठेवायची. ती खाली आली तर दोन्ही बाजूंचा विचार आधीच करायचा. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती वगळायला कुठलंही कारण पुरेसं नाही. मोठ्यांचं ऑपरेशन शक्यतो तेवढ्या जागेपुरती भूल देऊनच करावं, म्हणजे टाका पक्का करण्याआधी पेशंटला टेबलावर बसवून दोन्ही कडा ताडून बघता येतात.

संध्याकाळी जास्त पडणारी पापणी असेल तर आधी मायस्थेनियाची (स्नायू लवकर थकवणाऱ्या आजाराची) तपासणी, ऑपरेशन नंतर. आणि पापणी अचानक पडली, सोबत एकाचे दोन दिसू लागले, बाहुली मोठी झाली किंवा डोकं भयंकर दुखू लागलं, तर त्याच घडीला मोठं हॉस्पिटल गाठा. मेंदूतली रक्तवाहिनी फुगल्याची ती खूण असू शकते.