शार्प्स की स्पेन्सर? आधी गोळीचं बूड बघा

व्हर्जिनियातल्या शेतांमध्ये मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या संग्राहकांच्या डब्यांत दोन जातींच्या गोळ्या नेहमी एकत्र पडलेल्या दिसतात. दोन्ही शिशाच्या, दोन्हींवर राखेसारखा पांढरट थर, आणि दोन्हींच्या पाकिटावर एकच शेरा: 'कार्बाइन, 52'. कार्बाइन म्हणजे आखूड नळीची बंदूक. अमेरिकेच्या यादवी युद्धात (1861 ते 1865) घोडदळाकडे असलेल्या शार्प्स आणि स्पेन्सर या दोन बंदुकांच्या या गोळ्या. याच युद्धानं अमेरिकेचा कापूस अडला आणि इकडे मुंबईत कापसाचे भाव आकाशाला भिडले. त्या पाकिटावरचा शेरा मला फार खुपतो. दोन गोळ्यांची अशी मोट बांधली, की जमिनीनं दीडशे वर्षं जपलेली साक्ष आपण आपल्याच हातानं पुसतो.

घोटाळ्याचं मूळ त्या 52 मध्ये आहे. दोन्ही बंदुकांच्या नळीचा व्यास 0.52 इंच, म्हणजे सुमारे 13 मिलिमीटर. पण तो नळीचा व्यास झाला, गोळीचा नाही. या बंदुका मागून भरायच्या, त्यामुळे गोळी नळीहून थोडी जाडच ओतत. दारूच्या धक्क्यानं ती नळीतल्या आट्यांत, म्हणजे आतल्या पिळदार खाचांत, घट्ट दाबली जाऊन फिरत बाहेर पडे. पायदळाची मिनिए गोळी याच्या उलट. ती तोंडाकडून गजानं ठासायची, म्हणून नळीहून बारीक आणि बुडाशी पोकळ. बार होताच तिचं बूड फुलून आट्यांना भिडायचं. तेव्हा पोकळ बूड दिसलं तर ती गोळी या दोघींपैकी असण्याची शक्यता फार कमी. भरीव असेल तर पुढे बघायचं. शार्प्स आणि स्पेन्सर दोन्ही 0.54 ते 0.55 इंचांच्या घरात भरतात, म्हणून नुसत्या व्हर्नियर कॅलिपरवर विसंबून इथे निकाल लागत नाही.

निकाल लागतो तो बुडाशी. नवखा माणूस गोळीचं टोक निरखत बसतो. पण टोक आधी झाडावर नाहीतर दगडावर आपटतं, तेच चेपतं.

ख्रिश्चन शार्प्सचं पेटंट 1848 चं. त्याच्या बंदुकीत खालची कडी ओढली की नळीमागचा पोलादी ठोकळा खाली सरकतो आणि काडतूस मागून आत ढकलता येतं. हे काडतूस कागदाचं किंवा तलम कापडाचं. मूळ रचनेत ठोकळा वर येताना त्याची धार काडतुसाचं शेपूट कापायची, दारू उघडी पडायची आणि बाहेर बसवलेल्या छोट्या स्फोटक टोपीची ठिणगी तिला पेटवायची. आता ही कापडी नळी गोळीला धरून कशी राहणार? त्यासाठी गोळीच्या बुडाशी एक बारीक देठ आणि त्याच्या टोकाला कडं ओतलेलं असे. संग्राहक हिला 'रिंगटेल' म्हणतात, म्हणजे कडेशेपटी. हे देठ दिसलं की शार्प्स. सगळ्याच शार्प्स गोळ्यांना ते नसतं मात्र. दक्षिणेकडच्यांनी, म्हणजे फुटून निघालेल्या राज्यांनी, रिचमंडमध्ये शार्प्सची नक्कल केली, त्यांच्या गोळ्याही स्वतः ओतल्या, आणि त्यांत सपाट बुडाच्या गोळ्या सापडतात.

क्रिस्टोफर स्पेन्सरचं पेटंट 1860 चं. त्याचं काडतूस तांब्याचं, कडेत स्फोटक भरलेलं. वेगळी टोपी लागत नाही. दस्त्यातल्या नळीत अशी सात काडतुसं एकापुढे एक बसत. गोळी तांब्याच्या टोपणात घट्ट बसवायची म्हणून तिचं बूड सपाट, आणि टोपणात जाणारा भाग किंचित बारीक. देठ नाही, कडं नाही. काडतुसाला 56-56 म्हणतात, तो आकडाही गोळीचा नाही, तांब्याच्या टोपणाचा आहे: बुडाशी 0.56 इंच आणि तोंडाशीही तेवढंच.

तरीही शंका राहिली तर काट्यावर ठेवा. शार्प्सची गोळी साधारण 30 ग्रॅम, स्पेन्सरची 22 ते 25. चेपलेल्या गोळीचा आकार जातो, वजन सहसा जात नाही. बूडही चेपलेलं असेल तेव्हा माझा भरवसा काट्यावरच आहे.

हा फरक कशासाठी जपायचा, ते व्हर्जिनियातल्या कल्पेपर काउंटीतल्या ब्रँडी स्टेशनवर कळतं. 9 जून 1863 रोजी इथे या युद्धातली घोडदळाची सर्वांत मोठी लढाई झाली. स्पेन्सर कार्बाइन सैन्याच्या हाती पडू लागली ती त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून. मग याच शेतांत स्पेन्सरच्या गोळ्या कुठून आल्या? 1863-64 च्या हिवाळ्यात उत्तरेच्या पोटोमॅक सैन्याचा तळ याच भागात होता. म्हणजे त्या गोळ्या बहुतेक लढाईच्या नव्हेत, तळाच्या. शिवाय तांब्याची अशी काडतुसं दक्षिणेला बनवता येत नव्हती. हाती लागलेली स्पेन्सर ते लुटलेल्या काडतुसांवरच चालवू शकत. शार्प्सची गोळी कोणत्याही बाजूची असू शकते. स्पेन्सरची गोळी बव्हंशी उत्तरेच्या शिपायाकडे बोट दाखवते.

'कार्बाइनची गोळी' हा शब्दही जपून वापरावा. दोन्ही बंदुकांच्या लांब नळीच्या रायफली होत्या आणि त्यांत हीच काडतुसं चालत. गेटिसबर्गच्या लढाईत, जुलै 1863 मध्ये, उत्तरेच्या घोडदळातल्या कस्टरच्या मिशिगन ब्रिगेडकडे होत्या त्या स्पेन्सर रायफली. उत्तरेच्याच बर्डनच्या नेमबाज तुकड्यांकडे शार्प्स रायफली. म्हणून नोंदीत 'शार्प्स गोळी' एवढंच लिहावं, कार्बाइन म्हणू नये.

नोंद करताना लांबी, दोन जागी व्यास, वजन, गोळीभोवतीच्या खाचांची संख्या हे येतंच. गोळी झाडलेली की हातातून पडलेली, हे आट्यांच्या ओरखड्यांवरून ठरवून लिहावं. बुडाचा फोटो आधी, बाजूचा नंतर. आणि शेत कोणतं, कोणत्या कोपऱ्यात, किती खोल, शेजारी काय होतं, हे त्याच दिवशी लिहावं. ठिकाण नसलेली गोळी म्हणजे नुसतं शिसं. शेतमालकाची लेखी परवानगी लागते, आणि राष्ट्रीय युद्धभूमी उद्यानांत मेटल डिटेक्टर चालवणं हा गुन्हा आहे.

पांढरा थर खरवडू नका. तोच आतल्या शिशाला सांभाळतो, आणि तो विषारी आहे. हाताळून झाल्यावर हात धुवा. ओकच्या लाकडाच्या देखण्या खणात गोळ्या ठेवू नका. त्या लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेनं शिशाची पावडर होते. आख्खं स्पेन्सर काडतूस सापडलं, तर त्यातली दारू आणि कडेतलं स्फोटक अजून जिवंत असू शकतं. ते तापवू, ठोकू किंवा भोक पाडून रिकामं करू नका.