शालू, ट्रंक आणि चिमूटभर मीठ

गेल्या वर्षी गणपतीच्या चार दिवस आधी गावचं घर उघडलं. झाडलोट झाल्यावर वहिनीने माजघरातली पत्र्याची ट्रंक उघडली आणि कुबट वासाचा भपकारा आला. आजीच्या शालूवर, नेमक्या घडीच्या रेषेवर, राखाडी-पांढरे ठिपके उठले होते. बोट लावलं की पिठासारखे निघत होते, खाली डाग मात्र राहत होता. "भावोजी, डझनभर डांबरगोळ्या घातल्या होत्या हो मी! झाकणाला वरून चिकटपट्टीसुद्धा लावली होती." शेजारच्या काकू म्हणाल्या, घर बंद ठेवलं की वास्तू असं काहीतरी दाखवतेच.

वास्तूचा यात काही संबंध नाही. ते ठिपके बुरशीचे. बुरशीची बीजं हवेत सगळीकडे असतात, त्यांना रुजायला फक्त पाणी हवं असतं. डांबरगोळीतलं नॅप्थलीन कपडे खाणाऱ्या कसरीला दूर ठेवतं, ओल शोषणं हे तिचं कामच नाही. (तान्ह्या बाळाचे कपडे तर या गोळ्यांत ठेवूच नयेत. काही बाळांच्या तांबड्या रक्तपेशी त्या वाफेने फुटतात.)

मग बंद ट्रंकेत पाणी आलं कुठून? ते आम्हीच आत कोंडलं होतं.

हवेत बाष्प किती मावेल हे तापमानावर ठरतं. २७ अंश सेल्सिअसला एका घनमीटरमध्ये साधारण २६ ग्रॅम मावतं, ३५ अंशांना जवळजवळ ४० ग्रॅम. मावण्याजोग्या बाष्पापैकी प्रत्यक्षात किती आहे त्याची टक्केवारी म्हणजे सापेक्ष आर्द्रता. कापड, कागद, लाकूड, भात या सगळ्यांचा व्यवहार या टक्केवारीशी चालतो. ती वाढली की ते हवेतलं पाणी ओढून घेतात, उतरली की परत सोडतात. २० किलो सुती कपडे ६५ टक्क्यांच्या हवेतून ९० टक्क्यांच्या हवेत नेऊन ठेवले तर काही दिवसांत लिटरभर पाणी पितात आणि हाताला जेमतेम दमट लागतात. नव्या वस्तूंच्या खोक्यातून येणारी, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची एवढीशी पुडी आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं पाणी कसंबसं धरते. कपाट भरून कपड्यांपुढे तिचा टिकाव लागत नाही, जाहिरात काहीही म्हणो. आर्द्रता ७०-७५ टक्क्यांच्या वर दिवसचे दिवस राहिली की बुरशीचं फावतं.

ही रेषा ओलांडली गेल्याचं सांगणारं यंत्र आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. मीठ! शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, ७५ टक्के आर्द्रतेपर्यंत कोरडं राहतं. त्यापुढे ते हवेतलं पाणी ओढून त्यातच विरघळू लागतं. खड्याच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते ३३ टक्क्यांनाच पाणी धरायला लागतं, म्हणून खड्याचं मीठ आधी पाझरतं. बारीक मिठालाही पाणी सुटलं तर समजावं, त्या खोलीतल्या पुस्तकांना आणि कपड्यांना आता बुरशीचा धोका आहे.

आणि म्हणूनच मला चुलीवरचा माळा फार आवडतो. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या दिवसांत सुकी मासळी, आमसुलं, बियाणं सगळं माळ्यावर चढायचं. धुरातल्या रसायनांनी कीड आणि बुरशी हटायची हे खरंच, पण मोठं काम उबेचं. आषाढात बाहेरची हवा २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेची धरू. तीच हवा चुलीच्या उबेने ३५ अंशांवर गेली की तिच्यातलं पाणी थेंबभरही कमी होत नाही, पण टक्केवारी ९० वरून साठच्या खाली उतरते. बाहेर मुसळधार पाऊस आणि डोक्यावर, हातभर अंतरावर, बुरशीला रुजताच येणार नाही अशी जागा. गॅस आला, चूल गेली, माळा राहिला. आता त्यावरच्या पाट्या-टोपल्याही बुरसटतात.

पत्र्याच्या ट्रंकेत नेमकं उलट घडतं. ३० अंश आणि ८० टक्क्यांची हवा २६ अंशांना आली की जवळजवळ १०० टक्क्यांवर पोचते. रात्री पत्रा आधी गार होतो, आतले कपडे अजून उबदार असतात. त्यांनी सोडलेलं बाष्प झाकणाला आतून दव होऊन धरतं आणि पुन्हा घडीवर ठिबकतं. त्यात आमची ट्रंक जांभ्याच्या भिंतीला टेकलेली. जांभा सच्छिद्र, पावसात पाणी पितो. आणि ती बंद केली होती जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर!

मुंबईतला भाचा विचारत होता, "मामा, तिकडे जास्तीचं सामान ठेवायला सेल्फ स्टोरेजचा गाळा भाड्याने घेतलाय, गावी पण पत्र्याच्या शेड टाकून तसेच गाळे काढू या का?" लोक सामान भाड्याच्या जागेत पूर्वीपासून ठेवत आलेत. लंडनमध्ये १८३० च्या सुमारास पँटेक्निकॉन नावाची भलीमोठी वखार उभी राहिली, अग्निरोधक म्हणून नावाजली गेली आणि १८७४ साली आगीतच गेली. स्वतःचं कुलूप, स्वतःची किल्ली अशा आजच्या गाळ्यांच्या सुरुवातीच्या ठिकाणांत टेक्सासमधल्या ओडेसा या तेलधंद्याच्या गावाचं नाव घेतात, साल १९६४. तिथे वर्षाला पाऊस पडतो सुमारे ३५० मिलिमीटर. रत्नागिरीत तीन हजारांच्या वर. ओडेसाच्या कोरड्या हवेत साधी शेड चालून जाते. इथे तीच टाकली तर ती आमच्या ट्रंकेची मोठी आवृत्ती होईल. भाच्याला म्हटलं, गाळे काढ, पण आधी हवा कोरडी ठेवणाऱ्या यंत्राच्या विजेचा हिशोब कर.

यंदा शिमग्याला गेलो तेव्हा वहिनीने शालू दोन दिवस पडवीतल्या उबदार सावलीत दोरीवर टाकला. भर दुपारी दोन वाजता, हवा सगळ्यात कोरडी असताना, तो मलमलीत गुंडाळला आणि जाड पॉलिथिनच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून ट्रंकेत ठेवला. ट्रंक चार विटांवर, भिंतीपासून हातभर लांब. पिशवीत काचेची छोटी बाटली, तोंडाला फडकं, आत चमचाभर बारीक मीठ.

गणपतीला पिशवी सोडली. वहिनीने आधी बाटली काढून कानाशी हलवली. मीठ खुळखुळलं.