उंच टाचेच्या चामडी बुटांना रबरी सोल लावून घेण्यापूर्वी

फ्रान्स आणि इटलीतील नामांकित कंपन्यांच्या उंच टाचेच्या बुटांचा सोल बहुधा चामड्याचा असतो, आणि तो मुद्दाम पातळ ठेवलेला असतो. कारण बूट बाजूने नाजूक दिसावा आणि पावलाबरोबर सहज वाकावा, अशी त्यामागची अपेक्षा असते. असा जोड घेऊन आमच्या मुंबईतील दुकानात येणाऱ्या बहुतेक ग्राहकांचा पहिला प्रश्न असतो, की इतक्या महाग बुटाचा सोल महिन्याभरात कसा झिजला. यात बुटाचा दोष नसतो. गालिचा आणि लाकडी जमीन यांच्यासाठी योग्य असलेला हा सोल आपल्याकडे सिमेंटचा रस्ता, पेव्हर ब्लॉक आणि स्टेशनचे जिने यांच्यावर घासला जातो. शिवाय टाच जितकी उंच, तितका शरीराचा भार पुढे चवड्यावर येतो, आणि तो सगळा भार सोलचा तळहाताहूनही लहान असा एक भाग पेलत असतो. घासून गुळगुळीत केलेल्या संगमरवरावर किंवा पॉलिश केलेल्या कोटा फरशीवर नवा चामडी सोल घसरतो, ते वेगळेच.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे आलेल्या एका जोडाच्या चवड्याखाली रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत चामडे इतके पातळ झाले होते, की अंगठ्याने दाबले असता ते आत जात होते. चामडे पाणी शोषून घेते आणि ओले असताना फार लवकर झिजते. त्या जोडात पाणी सोलमधून वर चढून आतला पुठ्ठा फुगला होता व कडेची चिकटवण सुटली होती. झीज आणि घसरणे टाळण्यासाठी चामडी सोलवर रबराची पातळ शीट चिकटवतात, पण अशा अवस्थेत ती लावून उपयोग नसतो, कारण रबराला धरून राहायला खाली घट्ट चामडेच उरलेले नसते. मग पुढचा सोल काढून नवा घालावा लागतो, आणि ते काम अधिक वेळखाऊ व खर्चिक आहे. म्हणूनच जोड नवा असताना, दोन-तीन वेळा कोरड्या जमिनीवर वापरून आणि पहिला पाऊस लागण्याआधी आमच्याकडे आणावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. थोडा वापर झाल्यावर सोल पायाप्रमाणे वाकू लागतो, आणि शीट नेमकी कुठपर्यंत हवी हे झिजेच्या खुणांवरून आम्हाला दिसते.

या कामासाठी आम्ही साधारण एक ते दीड मिलिमीटर जाडीची रबर शीट वापरतो. अधिक जाड शीट अधिक टिकेल असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु पुढचा भाग उचलला गेला की बूट मागे कलतो आणि टाचेची टिप (टाचेच्या टोकाला बसवलेला छोटा तुकडा) फक्त मागच्या कडेवर टेकू लागते, त्यामुळे चालताना तोल बिघडतो. शीट लावण्यापूर्वी सोलवरील चकाकीचा थर पॉलिश पेपरने घासून काढावा लागतो, कारण त्या थरावर सोल्यूशन, म्हणजे चिकटवण्याचा द्रव, धरत नाही. त्यानंतर सोल आणि शीट या दोहोंना सोल्यूशन लावून, ते बोटाला नुसते चिकट लागेल इतके सुकू देऊन, मगच दोन्ही एकमेकांवर बसवून ठोकतात. घाईने ओल्या सोल्यूशनवर बसवलेली शीट काही दिवसांतच कडेने उकलते.

कामाची खरी पारख मागच्या कडेवर होते. चवडा संपून सोल जिथे कमानीकडे वर चढतो, तिथे शीटची कड रापीने, म्हणजे चामडे कापायच्या हत्याराने, तासून कागदासारखी पातळ करावी लागते. ही कड जाड राहिली तर ती पायरीला अडकते आणि शीट तिथूनच सुटू लागते. काम घेऊन जाताना ग्राहकांनी या कडेवरून बोट फिरवून पाहावे. बोटाला पायरीसारखा उंचवटा लागला, तर जोड आमच्याकडे परत ठेवावा.

लाल सोलच्या बुटांविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. फ्रेंच पादत्राण-रचनाकार क्रिस्टियन लुबुतँ यांच्या बुटांचा लाल रंग हा चामड्यावरील लाखेचा थर असतो, आणि पहिल्या काही फेऱ्यांतच तो चवड्याखाली निघतो. त्यावरून बूट नकली असल्याचा निष्कर्ष काढू नये. आम्ही त्यावर लाल शीट लावतो, मात्र तिची छटा कमानीखाली उरलेल्या मूळ लाल रंगाशी तंतोतंत जुळेल, असे आश्वासन देत नाही. शीटचा तुकडा आधी बुटाशेजारी ठेवून दाखवतो आणि होकार मिळाल्यावरच सोल घासतो, कारण एकदा घासलेली लाख परत येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 2017 साली हा लाल सोल सुप्रसिद्ध व्यापारचिन्ह मानला आहे. त्यामुळे इतर बुटांना तसा भास आणण्यासाठी लाल शीट लावून मागितल्यास आम्ही ते काम नम्रपणे नाकारतो.

कोल्हापुरीला खालून टायरचा सोल मारून घेण्याची आपल्याकडची जुनी रीत याच विचारातून आलेली आहे, त्यामुळे ही कल्पना आपल्याला परकी नाही. तरीही प्रत्येक जोडाला शीट लावावीच असे आम्ही म्हणत नाही. मूळचाच रबरी किंवा कृत्रिम सोल असेल तर तिची गरज नसते, आणि वर्षातून एखाद्या लग्नाला सभागृहातच घालायच्या बुटांचे रूप शीटशिवायच अधिक चांगले राहते.

टाचेच्या टिपेकडे मात्र सर्वांनीच लक्ष द्यावे. टिप झिजून आतला खिळा फरशीवर वाजू लागला की टाचेवर मढवलेले चामडे खालून फाटू लागते; टिप बदलणे थोड्या वेळाचे काम आहे, टाच पुन्हा मढवणे तसे नाही.

शीट लावल्यानंतर जोड किमान 24 तास वापरू नये. बूट भिजल्यास आत कागद भरून सावलीत वाळवावेत. उन्हात, हीटरजवळ किंवा गाडीच्या तापलेल्या डिकीत ठेवल्यास चामडे तडकते आणि सोल्यूशन सैल पडते. शीटची कड कुठे उकललेली दिसली, तर घरच्या इन्स्टंट गोंदाने ती चिकटवू नये, कारण तो गोंद कडक होऊन वाकताना तुटतो आणि नंतर खरवडून काढताना चामडेही निघते. जोड तसाच आमच्याकडे आणावा.