कृष्णवर्णीय लेस्बियन इतिहासाचे जतन आणि मरणोत्तर लिंगओळखीचा वाद

आफ्रिकी वंशाच्या, स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांची पत्रे, रोजनिशा, छायाचित्रे, ध्वनिफिती आणि त्यांच्या संघटनांची दप्तरे मिळवणे, टिकवणे व योग्य वर्णनासह खुली करणे, असे या कामाचे स्वरूप आहे. ते प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वाढले. त्याच्या पोटातच एक वाद आहे. जी व्यक्ती हयात नाही आणि जिने आजच्या शब्दांत स्वतःची ओळख कधी सांगितली नाही, तिला लेस्बियन म्हणावे, पारलिंगी (ट्रान्सजेंडर) म्हणावे, की दोन्ही टाळावे? वादातल्या दोन्ही बाजू बहुधा त्याच मोजक्या कागदांवर उभ्या असतात. म्हणून कागद कसे उरले, हे आधी पाहणे इष्ट ठरते.

साधनांची विरलता : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरांतल्या बहुसंख्य कृष्णवर्णीय नोकरदार स्त्रिया परक्यांच्या घरी घरकाम करत. अनेकींना स्वतःची खोली नव्हती, मग पेटीभर पत्रे ठेवायला जागा कुठून असणार? मृत्यूनंतर आवराआवर नातलगांच्या हाती जाई आणि अब्रूला बाध आणणारे ते जाळले जाई. इतिहासकार डार्लीन क्लार्क हाइन यांनी १९८९ मध्ये आणखी एक कारण मांडले. बलात्कार व बदनामीच्या छायेत जगणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी वरवर मोकळेपणा दाखवून आतले आयुष्य जाणीवपूर्वक झाकून ठेवण्याची रीत अंगी बाणवली, असे त्यांचे म्हणणे आहे. हे मत आता बहुतेकांना मान्य आहे.

उरले आहे तेही बऱ्याचदा एकतर्फी आहे. कनेक्टिकटमधील अ‍ॅडी ब्राउन या मोलकरणीने शिक्षिका रिबेका प्रायमस यांना १८५९ ते १८६८ या काळात लिहिलेली सुमारे दीडशे पत्रे प्रायमस कुटुंबाच्या कागदांत टिकली, पण रिबेका यांची अ‍ॅडीला गेलेली उत्तरे मिळत नाहीत. प्रेमाची तीव्रता त्यामुळे एकाच लेखणीतून दिसते. लेखिका अ‍ॅलिस डनबार-नेल्सन यांची १९२१ आणि १९२६ ते १९३१ या वर्षांची रोजनिशी त्यांची भाची पॉलिन यंग हिने सांभाळली. ती १९८४ मध्ये ग्लोरिया हल यांच्या संपादनाने छापून आली, तेव्हा त्यांचे स्त्रियांशी असलेले प्रेमसंबंध उघड झाले. टोपणनावांची अडचण वेगळी. १९६५ मध्ये व्हाइट हाउससमोरील समलिंगी हक्कांच्या निदर्शनांत उभ्या राहिलेल्या अर्नेस्टीन एक्स्टीन यांचे खरे आडनाव एपेंजर होते. दोन नावे सूचीत एकमेकींना जोडली नाहीत, तर एकाच बाईची दोन अर्धी आयुष्ये तयार होतात.

संग्रह : लेस्बियन हर्स्टोरी आर्काइव्ह्ज हा संग्रह १९७४ मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू झाला आणि पुढे बरीच वर्षे जोन नेसल व डेबोरा एडेल यांच्या राहत्या घरात होता. १९९३ पासून तो ब्रुकलिनमधील स्वतःच्या इमारतीत आहे. तेथे पुस्तके लेखिकांच्या आडनावाऐवजी पहिल्या नावाने लावतात आणि कागद स्वीकारताना देणारी स्त्री प्रसिद्ध असावी अशी अट नसते. या धोरणामुळेच मेबल हॅम्प्टन (१९०२–१९८९) यांचा ठेवा वाचला. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत नर्तकी म्हणून काम केलेल्या व नंतर आयुष्यभर घरकाम केलेल्या हॅम्प्टन १९३२ पासून लिलियन फॉस्टर यांच्याबरोबर राहिल्या, ते १९७८ मध्ये फॉस्टर यांचा मृत्यू होईपर्यंत. नेसल यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या त्यांच्या मुलाखती हा या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा मौखिक पुरावा मानावा लागेल. हॅम्प्टन यांनी आपली ओळख स्वतःच्या तोंडाने सांगितली आहे, त्यामुळे त्यांच्याबाबत वाद उरत नाही.

न्यूयॉर्कच्या शोम्बर्ग सेंटर या कृष्णवर्णीय संस्कृतीच्या संशोधन ग्रंथालयातील ‘इन द लाइफ’ संग्रह स्टीव्हन फुलवुड यांनी जमवायला घेतलेल्या सामग्रीतून उभा राहिला. कवयित्री ऑड्री लॉर्ड यांची कागदपत्रे अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात आहेत. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या साल्सा सोल सिस्टर्स या वर्णीय लेस्बियन स्त्रियांच्या संघटनेची पत्रके व अंक मात्र विखुरलेले आढळतात. पोकळीच इतकी मोठी होती, की चेरिल ड्युने यांनी ‘द वॉटरमेलन वुमन’ (१९९६) या चित्रपटासाठी १९३० च्या दशकातील एक कृष्णवर्णीय लेस्बियन अभिनेत्री कल्पिली. छायाचित्रकार झोई लेनर्ड यांनी तिचा खोटा छायाचित्रसंग्रहही तयार केला. तो आज कलाकृती म्हणून संग्रहालयांत आहे. सूचीकाराने त्याची नोंद कल्पित म्हणून स्पष्ट करावी, नाहीतर सुटी छायाचित्रे पुरावा म्हणून फिरू लागतात.

वादाची मुख्य उदाहरणे : ग्लॅडिस बेंटली (१९०७–१९६०) यांनी १९२० च्या दशकात हार्लेमच्या १३३ व्या रस्त्यावरील क्लॅम हाउसमध्ये पांढरा टक्सीडो व उंच हॅट घालून पियानोवर गाणी सादर केली. एका गोऱ्या स्त्रीशी न्यू जर्सीत विवाह केल्याचा उल्लेख आठवणींतून व गप्पासदरांतून येतो. विवाहाची निश्चित तारीख देणे धाडसाचे होईल. ऑगस्ट १९५२ च्या ‘एबनी’ मासिकात बेंटली यांच्या नावाने लेख आला. त्यात स्त्री-संप्रेरकांच्या उपचाराने आपण पुन्हा स्त्री झाल्याचे म्हटले आहे. मॅकार्थी काळातल्या (१९५० च्या दशकातील साम्यवादी व समलिंगींच्या छळाच्या) धाकाने व पोटासाठी दिलेला हा जबाब आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात आणि ते अधिक संभाव्य वाटते. मात्र याच लेखातील सोयीचे वाक्य घेऊन बाकीचे दबावाखाली लिहिलेले म्हणणे, ही चूक लेस्बियन व पारलिंगी दोन्ही वाचनांत झालेली दिसते. सैदिया हार्टमन यांनी २०१९ च्या आपल्या ग्रंथात बेंटलींसाठी पुल्लिंगी सर्वनाम योजले. एरिक गार्बर यांनी १९८८ मध्ये ‘बुलडॅगर’ हा पुरुषी वळणाच्या लेस्बियन स्त्रीसाठीचा त्या काळचा कृष्णवर्णीय वस्तीतला शब्द पुढे आणला होता. पुरावा म्हणून दुसरा मार्ग अधिक टिकाऊ आहे, कारण शब्द त्या काळाचा आहे.

स्टॉर्मे डेलार्वरी यांचा जन्म न्यू ऑर्लीन्सचा. वाढदिवस २४ डिसेंबर १९२० मानत, तो परंपरेने. १९५५ ते १९६९ या काळात ‘ज्युएल बॉक्स रिव्ह्यू’ या फिरत्या कार्यक्रमाचे पुरुषवेशातील सूत्रसंचालन त्यांच्याकडे होते आणि पुढे न्यूयॉर्कच्या लेस्बियन बारच्या दारांवर पहारेकरी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल या समलिंगी बारवरील पोलिसी छाप्यातून उसळलेल्या दंगलीतील (२८ जून १९६९) पहिला ठोसा त्यांचाच, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. इतिहासकार डेव्हिड कार्टर यांनी साक्षींची छाननी करून त्यावर शंका घेतली. प्रत्यक्षदर्शींनी वर्णन केलेली स्त्री वयाने तरुण व गोरी होती, तर डेलार्वरी तेव्हा ४८ वर्षांच्या आणि मिश्रवंशीय. कार्टर यांचा युक्तिवाद वजनदार आहे. तरीही ठोशाचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी पहारेकरी म्हणून केलेली राखण त्यांचे स्थान पक्के करायला पुरेशी आहे.

जेम्स मॅकहॅरिस यांच्याबाबत वस्तुस्थिती उलटी आहे. १९५४ मध्ये मिसिसिपीत पोलिसांच्या झडतीत त्यांचे शरीर स्त्रीचे असल्याचे उघड झाले, तोवर ते पुरुष म्हणून जगत होते, आणि त्यानंतरही त्यांनी तसेच जगायचे ठरवले. त्यांना लेस्बियन इतिहासात ओढणे अभ्यासक सी. रायली स्नॉर्टन यांना मान्य नाही, आणि ते योग्यच आहे.

पॉली मरे : सर्वाधिक कागद आणि म्हणून सर्वाधिक वाद मरे (१९१०–१९८५) यांच्याभोवती आहे. वकील, कवी, नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेनच्या संस्थापकांपैकी एक, आणि १९७७ मध्ये एपिस्कोपल चर्चची धर्मगुरुदीक्षा मिळालेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री, अशी त्यांची सार्वजनिक नोंद आहे. जन्मनाव अ‍ॅना पॉलिन. ‘पॉली’ हे रूप महाविद्यालयीन काळात त्यांनी स्वतः स्वीकारले. मार्च १९४० मध्ये व्हर्जिनियातील पीटर्सबर्ग येथे बसमध्ये मागे बसण्यास नकार दिल्याबद्दल मरे व अ‍ॅडलीन मॅकबीन यांना अटक झाली. त्या वेळी मरे यांनी सत्याग्रहाविषयी वाचलेले प्रत्यक्षात उतरवून पाहिले. बसमधील एका प्रवाशाने त्याच वर्षी छापलेल्या कथनात मरे यांच्याशी जुळणारी व्यक्ती तरुण पुरुष म्हणून येते. ती व्यक्ती मरेच, असे अलीकडचे अभ्यासक मानतात.

१९३० च्या दशकाच्या अखेरीपासून मरे यांनी डॉक्टरांकडे पुरुष-संप्रेरकांची मागणी केली. शरीरात न उतरलेली वृषणे आहेत का ते पाहावे, असेही सुचवले. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न टंकलिखित करून ठेवले. छायाचित्रांच्या वहीत पुरुषी वेशातल्या स्वतःच्या चित्रांखाली ‘द इम्प’, ‘द ड्यूड’, ‘पीटर पॅन’ असे मथळे घातले. आत्मचरित्र मृत्यूनंतर १९८७ मध्ये आले. त्यात यापैकी काही नाही. पण तेच कागद मरे यांनी हार्वर्डच्या श्लेझिंगर ग्रंथालयासाठी नीट लावून ठेवले आणि आज ते शंभराहून अधिक पेट्यांत आहेत. पुस्तकात मौन आणि दप्तरात उघडपणा, हे एकाच हाताचे काम आहे. म्हणून ‘मरे यांनी लपवले’ आणि ‘मरे यांनी जाहीर केले’ ही दोन्ही विधाने अपुरी पडतात.

रोझलिंड रोझेनबर्ग यांनी २०१७ च्या चरित्रात मरे पारलिंगी असल्याचे प्रतिपादन केले, सर्वनाम मात्र स्त्रीलिंगी ठेवले. सायमन फिशर यांनी दोन्ही लिंगे जोडणारे सर्वनाम घेतले. डरहॅम येथील पॉली मरे केंद्र पूर्वायुष्यासाठी पुल्लिंगी किंवा उभयलिंगी आणि उत्तरायुष्यासाठी स्त्रीलिंगी सर्वनामे वापरते. लेस्बियन वाचनाच्या बाजूने आयरीन बार्लो यांच्याशी असलेले दीर्घ नाते आणि ब्रुकलिनच्या सायप्रस हिल्स दफनभूमीतील दोघींची जवळची समाधी सांगितली जाते. आधीच तुटपुंज्या इतिहासातून पुरुषी वळणाच्या स्त्रिया एकेक करून वजा होत आहेत, ही त्या बाजूची वेदना खरी आहे. स्वतःच्या हाताने ‘मी मुलगा असायला हवा होतो’ या अर्थाचे लिहिणाऱ्या माणसाला जबरीने स्त्री ठरवल्याची दुसऱ्या बाजूची वेदनाही तितकीच खरी आहे. हॉर्टेन्स स्पिलर्स यांनी १९८७ च्या निबंधात दाखवले, की गुलामगिरीने कृष्णवर्णीय देहांचे लिंगच हिरावून घेतले होते. ‘स्त्री’ आणि ‘पुरुष’ हे साचे गोऱ्या समाजाच्या मापाचे होते. हा मुद्दा लक्षात घेतला, की एकच नाव चिकटवण्याचा आग्रह निम्मा गळून पडतो. प्रस्तुत नोंदीत कालनिहाय पद्धतीकडे कल आहे, म्हणजे कोणत्या वर्षी, कोणाला, कोणते शब्द लिहिले ते सांगावे.

मराठीत लिहिताना ‘मरे यांनी लिहिले’ या रचनेत लिंग उघड होत नाही, ‘मरे गेले’ किंवा ‘गेल्या’ यात होते. जेथे भूमिका घ्यायची नाही तेथे पहिली रचना सोयीची.

जतनाचे तंत्र : मौखिक इतिहासाच्या कॅसेट हा सर्वांत नाशवंत भाग. फीत सेकंदाला ४.७६ सेंमी वेगाने फिरते. १२० मिनिटांच्या कॅसेटची फीत जेमतेम ९ मायक्रॉन जाडीची असल्याने ती गुंडाळते व ताणली जाते, म्हणून ती आधी घ्यावी. संगणकीय प्रत ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, दाबरहित वेव्ह स्वरूपात करतात. दोन वाहिन्यांच्या एका तासाला सुमारे २ जीबी जागा लागते. वाचकशिराचा (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा) कोन प्रत्येक फितीसाठी जुळवावा लागतो, नाहीतर उच्च स्वर बोथट होतात. मुलाखत घेताना मुद्रणयंत्राची बॅटरी उतरलेली असेल तर फीत मंद फिरलेली असते आणि नीट वेगाने वाजवल्यावर आवाज चढा व बारीक येतो. पुरुषी वळणाच्या वक्त्याचा आवाज ‘बायकी’ ऐकू येऊन त्यावर निष्कर्ष निघू शकतो. पार्श्वभूमीत वीजप्रवाहाची गुणगुण उमटली असेल तर ती अमेरिकेत ६० हर्ट्‌झला आणून वेग दुरुस्त होतो. मूळ, न दुरुस्त प्रतही ठेवावी.

१९७० च्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बममधून चित्रे ओढून काढू नयेत. आधी प्रत्येक पान अखंड टिपावे, कारण मथळा आणि चित्र यांची जोडी हाच पुरावा असतो. मग मेण नसलेला दातांचा दोरा चित्रामागून हळूहळू सरकवावा. पीव्हीसीची पाकिटे वापरू नयेत, पॉलिएस्टरची वापरावीत. गंजक्या टाचण्या काढाव्यात, पाठीमागे लिहायचे तर मऊ पेन्सिलीने. कागदांसाठी सुमारे १८ ते २० अंश सेल्सिअस व ३५ ते ५० टक्के आर्द्रता चालते. मात्र या दोन्हींत वारंवार चढउतार होऊ देऊ नये.

वर्णन तीन थरांत करावे. मूळ शब्द अवतरणात, न बदलता. व्यक्तीने वापरलेली सर्व नावे वर्षांसह. आणि संग्राहकाची टिप्पणी चौकटी कंसात, तारीख व आधार देऊन. पहिल्या व तिसऱ्या थराची सरमिसळ झाली, की पुढचा अभ्यासक संग्राहकाचे मत व्यक्तीचे म्हणून उद्धृत करतो. अमेरिकी ग्रंथालयांच्या व्यक्तिनामसूचीत पूर्वी लिंगाचा रकाना भरत. सहकारी सूचीकरण कार्यक्रमाने २०२२ च्या अहवालात तो मुळीच भरू नये अशी शिफारस केली. विषयशीर्षकांसाठी ‘होमोसॉरस’ ही समलिंगी व पारलिंगी विषयांची शब्दावली वापरतात. तीतून एकाच संग्रहाला लेस्बियन आणि पारलिंगी अशी दोन्ही शीर्षके देता येतात, आणि शोधणाऱ्या कोणत्याही वाचकाला दार बंद होत नाही. देणगीपत्रात कोणता भाग कोणत्या वर्षापर्यंत बंद, हे लिहून घ्यावे. रुग्णालयाकडील नोंदींना अमेरिकेत मृत्यूनंतर ५० वर्षे संरक्षण आहे, पण व्यक्तीने स्वतः जपून दिलेल्या वैद्यकीय कागदांना ते लागू होत नाही. तेथे पत्रांत आलेल्या हयात तिसऱ्या व्यक्तीचा विचार आधी करावा.

अमेरिकेबाहेर : लंडन आर्काइव्ह्जमधील (२०२४ पर्यंत लंडन मेट्रोपॉलिटन आर्काइव्ह्ज) कृष्णवर्णीय समलिंगी व पारलिंगी ब्रिटनवासीयांचा ‘रुकस’ संग्रह आणि जोहान्सबर्गचे ‘गाला’ हे समलिंगी व पारलिंगी इतिहासाचे संग्रहालय ही प्रमुख ठिकाणे. कॅरिबियन बेटांतील साधने तुरळक आहेत.

सद्यःस्थिती : फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने स्टोनवॉल राष्ट्रीय स्मारकाच्या संकेतस्थळावरून ‘ट्रान्सजेंडर’ हा शब्द व त्याचे आद्याक्षर काढले. शासकीय संकेतस्थळावरचे चरित्र हा आता स्थिर संदर्भ मानता येत नाही. त्याचा आधार घेताना पान वॉर्क (संकेतस्थळे जतन करण्याच्या) स्वरूपात टिपावे, टिपल्याची तारीख व चेकसम (फाइल बदलली नाही हे ताडून पाहण्याचा अंक) नोंदवावा, आणि प्रत निदान तीन ठिकाणी ठेवावी, त्यांपैकी एक दुसऱ्या शहरात.