सोलापुरात थिसिस किंवा डॉक्युमेंटेशन करताय? परवानगीचा अर्ज कुठं अडकतो ते आधी वाचा

दिवाळीची सुट्टी संपली की आर्किटेक्चरच्या पोरापोरींचे फोन सुरू होतात. मॅडम अर्ज परत आला, मॅडम आतच सोडलं नाही, मॅडम ते म्हणतात हे आमच्याकडं येतच नाही. विषय एकेक इतके चांगले घेतलेले असतात, कुणाला बाळीवेशीतला वाडा मोजायचाय, कुणाला १८७७ च्या जुन्या मिलभोवती वाढलेली वस्ती, कुणाला पूर्व भागातली माग असलेली घरं, आणि हातात असलेल्या चार महिन्यांतला दीड महिना एका कागदापायी जातो. बहुतेक अर्ज विषय वाईट म्हणून परत येत नाहीत, कागद चुकीच्या टेबलावर गेला किंवा कागदावर लिहायला पाहिजे ते लिहिलंच नाही म्हणून परत येतात.

पहिली गोष्ट, जागा कुणाच्या ताब्यात आहे ते ठरवा. "हेरिटेज आहे म्हणजे पुरातत्त्व खातं" हे डोक्यातनं काढा. भुईकोट किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडं, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडं आहे. पण वारदांनी बांधलेलं इंद्रभुवन महापालिकेचं आहे, डॉ. कोटणीसांचं स्मारक महापालिकेनं केलंय, सिद्धेश्वर मंदिरासाठी देवस्थानच्या पंच कमिटीकडं जायचं, आणि कसब्यातला वाडा ज्याचा त्याचा. राज्य पुरातत्त्व विभाग हा आणखी वेगळा, त्यांचा कायदा १९६० चा आणि केंद्राचा १९५८ चा, याद्याही वेगवेगळ्या. मागं एका ग्रुपनं वाड्याची परवानगी पुरातत्त्वाकडं मागितली, तीन आठवड्यांनी "सदर वास्तू या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही" एवढी एक ओळ आली. ती ओळ पहिल्या दिवशी खिडकीवर तोंडी सांगता आली असती, पण कुणी सांगत नाही, म्हणून तुम्हीच आधी शोधायचं.

आता पत्र. सगळ्यात जास्त अर्ज इथंच मरतात, आणि कॉलेजच्या ऑफिसला याचं गांभीर्य नसतं. तुम्ही मागता लेटर, ते देतात बोनाफाइड. बोनाफाइड म्हणजे फक्त "हा आमचा विद्यार्थी आहे", समोरच्या अधिकाऱ्याला त्याचं काही करता येत नाही. त्याला सहीच्या आधी कळायला हवं की कोण येणार, किती जण, कुठल्या तारखांना, काय करणार, कुठली साधनं आणणार आणि ते काम पुढं कुठं जाणार. म्हणून शिफारसपत्र मागा आणि मजकूर स्वतः लिहून न्या, साधारण असा:

"आमच्या महाविद्यालयातील पाचव्या वर्षाचे खालील आठ विद्यार्थी प्रबंधासाठी अमुक पेठेतील सि.स.नं. अमुक या वास्तूची मोजणी व छायाचित्रण अमुक ते अमुक तारखांना करणार आहेत. मोजणीसाठी टेप, लेझर मीटर व ट्रायपॉडचा वापर होईल. वास्तूला खिळा, रंग, खडू अथवा शिडी लावली जाणार नाही. आराखडे केवळ शैक्षणिक कामासाठी वापरले जातील व त्याची एक प्रत आपणास दिली जाईल. मार्गदर्शक प्राध्यापकांचे नाव व दूरध्वनी सोबत."

आठही जणांची नावं घाला. लुई काह्न ट्रॉफी या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेच्या डॉक्युमेंटेशनला तर ग्रुप मोठा असतो, पत्रावर एकाचं नाव आणि दारात बारा जण, मग अकरा जण बाहेर उन्हात बसतात, आणि सोलापूरचं ऊन म्हणजे चेष्टा नाही. पत्रावर जावक क्रमांक, तारीख, गोल शिक्का आणि प्राचार्यांची सही पाहिजे, एचओडीची सही काही ठिकाणी चालते काही ठिकाणी नाही, तर एकदाच प्राचार्यांची घ्या. पत्र देताना दोन प्रती न्या आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का मारून पोच घ्या. पोच नसेल तर तुम्ही अर्ज दिलाच नाही असं धरून चाला, कारण पुढचे सगळे दिवस त्या शिक्क्याच्या तारखेपासून मोजले जातात. ईमेल केला तरी कागद द्याच.

मजकुरात मी सि.स.नं. लिहिलंय ना, तो कुणाकडंच नसतो. सि.स.नं. म्हणजे सिटी सर्व्हे नंबर, नगर भूमापन क्रमांक. पोरं लिहितात "टिळक चौकाजवळचा जुना वाडा". वाडे दहा आहेत तिथं! घरावर असतो तो महापालिकेचा घर नंबर, तो टॅक्ससाठी, सि.स.नं. वेगळा. वाड्यातल्या आजोबांना विचारलं तर ते लाइट बिल दाखवतात. सोपा उपाय म्हणजे घरमालकाकडं जुनी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा खरेदीखत आहे का विचारा, नसेल तर पेठेचं नाव आणि शेजारच्या माहीत असलेल्या नंबरवरनं नगर भूमापन कार्यालयातल्या नकाशावर शोधा. नंबर कळला की महाभूलेखच्या साइटवर मिळकत पत्रिका फुकट बघता येते. ती फक्त माहितीपुरती असते, कुठं जोडायची असेल तर डिजिटल सहीची प्रत पैसे भरून काढावी लागते. कॉलेजच्या कामाला बहुतेक वेळा फुकटची पुरते, उगाच खर्च करू नका.

मिळकत पत्रिका काढली की खरा गुंता समोर येतो. तिच्यावर नाव असतं पणजोबांचं. वारस नोंद झालेलीच नसते, किंवा झाली असेल तर एकाखाली एक चौदा नावं, त्यातले चार पुण्यात, दोन हैदराबादला, एक बहीण कोर्टात. मग संमती कुणाची घ्यायची? कायद्यानं नेमकी कुणाची असा प्रश्न नाही इथं, तुम्हाला जागा विकत घ्यायची नाहीय, आत जाऊन मोजायची आहे. जो राहतो त्याची लेखी संमती घ्या, आणि पत्रिकेवर नाव असलेलं कुणी गावात असेल तर त्यांनाही जाऊन भेटा. लोक नाही म्हणतात ते तुम्ही आवडला नाहीत म्हणून नाही. टेप घेऊन आलेला माणूस म्हणजे वाटणी, नाहीतर टॅक्सवाढ, नाहीतर "हेरिटेजमध्ये घालतील आणि मग एक वीटसुद्धा हलवता येणार नाही" ही भीती असते, भाडेकरूला घर खाली करायला लावतील याची भीती वेगळीच. म्हणून संमतीपत्रात एक वाक्य टाका, की हे आराखडे मालकी, वाटणी, भाडे किंवा कर यांच्या कुठल्याही कामात पुरावा म्हणून वापरले जाणार नाहीत. हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखवा. मी स्वतः पाहिलंय, दोनदा दार लावलेल्या काकूंनी हे वाक्य ऐकल्यावर चहा ठेवला. आणि देवघर, बाळंतिणीची खोली, माळा, इथं विचारल्याशिवाय पाय टाकू नका, फोटो तर नाहीच.

पूर्व भागात जाणार असाल तर फॉर्म मराठीत छापून भागत नाही, घरात तेलुगू बोलतात, विचारायला तेलुगू येणारं कुणीतरी सोबत पाहिजे. विडी कामगारांच्या घरांवर काम करणाऱ्यांची एक ठरलेली चूक आहे. कुंभारीला दोन वेगळ्या योजना आहेत, २००६ ची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत, आणि रे नगर, जिथली पहिली १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. पत्र एकाच्या नावानं आणि सर्व्हे दुसरीकडं असं झालं की सोसायटीवाले परत पाठवतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

बंद मिल म्हणजे बेवारस जागा नव्हे. कंपनी बुडालेली असेल तर जागा अवसायकाकडं, म्हणजे लिक्विडेटरकडं असू शकते, विकली गेली असेल तर नव्या मालकाकडं. गेटवरचा वॉचमन चांगला माणूस असतो, आतही सोडतो, पण त्यानं सोडलं ही परवानगी नाही, आणि उद्या काही झालं तर त्याची नोकरी जाते. हे लक्षात ठेवा.

किल्ल्याचं सांगते. तिकीट काढून आत जाणं आणि मोबाइलवर फोटो काढणं यासाठी कुणाला विचारायला नको. पण ट्रायपॉड उभा केला, टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) आणलं, तटावर टेप धरून चार दिवस बसलात, की लेखी परवानगी लागते, आणि ती दारावरचा कर्मचारी देऊ शकत नाही. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या मुंबई मंडळाच्या अधीक्षक पुरातत्त्वविदांच्या नावानं अर्ज करायचा, त्यांचं ऑफिस सायनच्या किल्ल्यात आहे. अर्जात नुसतं "किल्ला" लिहू नका. खंदक, बाहेरचा तट, आतला तट, आतले देवळाचे अवशेष, यातलं नेमकं काय मोजणार ते लिहा. सगळा किल्ला एका सेमिस्टरमध्ये होणार नाही हे वाचणाऱ्यालाही कळतं, आणि मग तो शंका काढतो.

किल्ल्याजवळ डिझाइन प्रपोजल करणारे आणखी एका ठिकाणी चुकतात. केंद्राच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर १०० मीटर प्रतिबंधित, म्हणजे नवं बांधकामच नाही, आणि त्यापुढं २०० मीटर विनियमित, म्हणजे परवानगी घेऊनच, असं क्षेत्र. हे अंतर किल्ल्याच्या मधोमध कंपास ठेवून काढायचं नाही, संरक्षित हद्दीच्या कडेपासनं काढायचं. एका मुलीची अख्खी साइट यामुळं प्रतिबंधित पट्ट्यात गेली आणि तिला ते ज्युरीत कळलं, फार वाईट वाटलं होतं. कागदावरच्या थिसिसला कुणाची एनओसी लागत नाही, ती खरं बांधणाऱ्याला लागते. ड्रोन उडवायचा असेल तर होटगी रोडचं विमानतळ आहे, डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन साइटचा नकाशा बघितल्याशिवाय काढूच नका, २५० ग्रॅमच्या आतला असला तरी, आणि किल्ल्यावर वेगळी परवानगी.

जुने नकाशे आणि फाइली हवे असतील तर आधी साधा अर्ज आणि नक्कल फी. नाहीच मिळालं तर माहिती अधिकार, पण तो कॉलेजच्या लेटरहेडवर टाकू नका. हा अधिकार नागरिकाला आहे, संस्थेला नाही, प्राचार्यांच्या सहीचा अर्ज याच कारणानं परत येतो. स्वतःच्या नावानं लिहा, राज्याच्या कार्यालयाला असेल तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. राज्याच्या कार्यालयांना एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, केंद्राच्या कार्यालयाला ५०० शब्द चालतात. "का पाडलं", "जतन का केलं नाही" असं विचारू नका, उत्तर येत नाही. अमुक सि.स.नं. च्या मंजूर नकाशाची प्रत द्या, असं मागा. किंवा फाइल बघायला मागा, पहिल्या तासाला फी नाही.

"अभिलेख उपलब्ध नाही" असं उत्तर आलं की पोरं गप्प बसतात. बसू नका. सरकारी फाइलींना वर्ग असतात, अ कायमच्या, ब ३० वर्षं, क १० वर्षं, क-१ पाच, ड एक वर्ष. फाइल नष्ट केली असेल तर तशी नोंद असायला पाहिजे, त्या नोंदीची प्रत मागा. माझ्या अनुभवात एका ठिकाणी ही प्रत मागितल्यावर आठवड्यात मूळ फाइलच सापडली.

मुदतीचं गणित नीट समजून घ्या. माहिती अधिकारात उत्तराचे ३० दिवस हे अर्ज त्यांना मिळाल्यापासनं, तुम्ही पोस्टात टाकल्यापासनं नव्हे. उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला राज्यात २० रुपये, आणि अपिलाचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५. म्हणजे साडेतीन महिने असेच गेले. थिसिसचा टॉपिक ठरायच्या आधी, विषय नुसता डोक्यात असतानाच अर्ज टाकून द्या. १० रुपयेच जातील.

अर्ज अडकलेले असतील तोवर १८८४ चं मुंबई इलाख्याचं गॅझेटिअर, सोलापूरचा २० वा खंड, ऑनलाइन फुकट आहे, तो वाचून काढा. पुण्याचं पेशवे दफ्तर आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार, दोन्हीकडं शिफारसपत्र आणि ओळखपत्र घेऊन जावा, विषय आणि कालखंड नेमका सांगा. जुने कागद मोडीत असतात, परवानगी मिळूनही पोरं रुमालासमोर, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यासमोर, नुसती बसून राहिलेली आहेत, तर मोडी वाचणारं माणूस आधी शोधा. आणि मंगळवेढं १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं, अक्कलकोट तर स्वतःच संस्थान होतं, तिथल्या वास्तूंचे जुने कागद सोलापूरच्या कलेक्टर ऑफिसात शोधत बसू नका, संस्थानचं दफ्तर कुठं गेलं ते आधी विचारा.

राहिलं तारखांचं. किल्ला, होम मैदान, सिद्धेश्वर तलाव या भागाची मोजणी जानेवारीत लावू नका, संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा भरतो, टेप पसरायला जागा नसते आणि देवस्थानच्या माणसांना तुमच्याकडं बघायला वेळ नसतो. यात्रेतल्या गर्दीवर, नंदीध्वजांच्या मार्गावर अभ्यास असेल तर मात्र तेच दिवस पाहिजेत, मग त्याचं पत्र नोव्हेंबरातच द्या, आणि पोच घ्या.