अकरा ते पाच : हुजूरपागेच्या शाळेची पार्श्वभूमी

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला निघालेल्या कुणालाही ‘हुजूरपागेपाशी भेट’ म्हटलं की पुरतं. डोळ्यांपुढे मुलींच्या शाळेचं फाटक येतं, घोडे येत नाहीत. नावात मात्र घोडेच आहेत. हुजुरात म्हणजे खुद्द पेशव्यांची फौज, आणि तिची पागा इथे होती. शाळेला जागा मिळाली ती सांगलीकर पटवर्धनांमुळे. शाळेच्या नावातल्या ‘एच. एच. सी. पी.’ या आद्याक्षरांमागे ‘हिज हायनेस चिंतामणराव पटवर्धन’ आहेत, हे तिथेच शिकलेल्या कित्येकींनाही आठवून सांगावं लागतं.

शाळा सुरू झाली २९ सप्टेंबर १८८४ रोजी. मुलींना शिकवणं तोवर पुण्याला नवं राहिलं नव्हतं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्येच भिडेवाड्यात शाळा काढली होती, आणि १८७० पासून शिक्षिका घडवणारं सरकारी ट्रेनिंग कॉलेजही होतं. खरी अडचण चार-पाच इयत्तांनंतर यायची. पुढे शिकायचं तर जायचं कुठे? तोवर बहुतेकींची लग्नंही झालेली असायची. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी शिक्षिका हव्यात, स्त्री डॉक्टर हव्यात असं सांगितलं. पण त्या तयार व्हायला आधी हायस्कूल नको का?

न्यायमूर्ती रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि शंकर पांडुरंग पंडित या मंडळींनी ते मनावर घेतलं. सर विल्यम वेडरबर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याचं पाठबळ होतं. मुलींसाठी हायस्कूल हवं, ही मागणी मुंबईचे गव्हर्नर फर्ग्युसन यांच्यापुढे इंग्रजीतून मांडली रमाबाई रानड्यांनी. लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या, आणि शिकल्या त्या लग्नानंतरच, घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची बोलणी खात. सरकारनं अनुदान दिलं, कारभार मात्र या मंडळींच्या संस्थेकडे राहिला. त्यामुळे हिला धड सरकारी म्हणता येत नाही, की निव्वळ खासगीही.

वाद पेटला तो शाळा उघडल्यावर, आणि तो पुष्कळसा घड्याळावरून होता. शाळेची वेळ अकरा ते पाच. ‘मराठा’ पत्रातून टिळकांनी वेळेवर आणि अभ्यासक्रमावरही टीका केली. त्यांच्या मते मुलींना सकाळी किंवा संध्याकाळी तीनेक तास पुरेत, म्हणजे घरकामाचा खोळंबा होणार नाही. शिकवायचं तर मराठी, धर्म, शिवणकाम. पुण्यातल्या वाड्यांतून हे म्हणणं अनेकांना पटणारं होतं, हे विसरून चालणार नाही. आगरकरांचं मत नेमकं उलट : मुलाला जे शिकवता तेच मुलीलाही शिकवा. दोघे जुने स्नेही, न्यू इंग्लिश स्कूलपासूनचे सोबती, पण सामाजिक सुधारणेच्या प्रश्नांवर त्यांचं जमेना. आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढलं. या फाटाफुटीचं खापर एकट्या शाळेवर फोडणं बरोबर नाही, पण दोघांमधली दरी या प्रश्नावर लख्ख दिसते.

शाळेनं वसतिगृहही चालवलं, आणि मला तो निर्णय अभ्यासक्रमाइतकाच मोलाचा वाटतो. ब्रह्मदेशात नोकरी करणाऱ्या एका इंजिनियरनं आपली सात वर्षांची मुलगी तिथून इथे राहायला पाठवली. तीच पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून नाव मिळवणारी इरावती कर्वे. तिचं घर समुद्रापलीकडे होतं. पाच वाजता शाळा सुटल्यावरही तिला हुजूरपागेतच राहायचं होतं.