पार्श्वभूमी: हार्ट फेल्युअरचा रुग्ण, नर्सचा चार्ट आणि दीड लिटर पाणी

१९५०च्या दशकापर्यंत हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय पुरेसे रक्त पंप करू न शकणाऱ्या, रुग्णाची शुश्रूषा म्हणजे सक्तीची विश्रांती, अळणी जेवण, लघवी वाढवणारी पाऱ्याच्या संयुगांची इंजेक्शने आणि डिजिटॅलिस हे हृदयाचे औषध. डिजिटॅलिसची सविस्तर माहिती १७८५ सालीच छापून आली होती, पण गुण येणारा डोस आणि विषबाधा करणारा डोस यांत अंतर फार थोडे. त्यामुळे गोळीआधी मिनिटभर नाडी मोजायची आणि ६०च्या खाली असेल तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचे, हे नर्सच्या अंगवळणी पडले.

१९६०च्या दशकात फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे जोरदार औषध आले आणि कामाचे वजन दुसरीकडे सरकले. एका इंजेक्शननंतर काही तासांत लिटरभर लघवी होऊ लागली. ती मोजायची, रक्तातले पोटॅशियम घसरतेय का ते पाहायचे आणि रोज वजन करायचे. कागदावर सोपे. प्रत्यक्षात अर्धी लघवी शौचालयात जाते, काही चादरीवर सांडते आणि तिन्ही ड्युट्यांची बेरीज क्वचितच जुळते. चार्ट म्हणतो, आत आले त्यापेक्षा दीड लिटर जास्त बाहेर गेले. वजनकाटा मात्र कालचाच आकडा दाखवतो. अशा वेळी बहुतेक अनुभवी नर्स काट्यावर विश्वास ठेवतात, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. अट एवढीच की काटा तोच, वेळ सकाळची, लघवी झाल्यावर आणि नाश्त्याआधी.

वॉर्डात सर्वांत जास्त कटकट मात्र होते ती पाण्याच्या मर्यादेवरून. ‘दिवसाला दीड लिटर’ ही सूचना अनेक दशके केसपेपरवर लिहिली जाते. तिच्यामागचा तर्क चुकीचा नाही. आजार बळावला की शरीर पाणी धरून ठेवते आणि रक्तातले सोडियम उतरते. अशा रुग्णाला पाणी कमी देणे समजण्यासारखे आहे. पण ही सूचना सोडियम उतरलेल्यांपुरती राहिली नाही. ती सरसकट सगळ्यांना लागू झाली, आणि ती पाळून घेण्याची जबाबदारी आली नर्सकडे. ज्या संप्रेरकांमुळे शरीर पाणी साठवते त्यांच्यामुळेच तहानही वाढते; त्यात लघवीची औषधे आणि ऑक्सिजनने कोरडे पडलेले तोंड. रुग्ण रात्री दोनला घोटभर पाणी मागतो, नातेवाईक गुपचूप बाटली पुढे करतात आणि नकार देणारी नर्स निर्दय ठरते. गोळ्यांसोबतचे पाणी, डाळ, चहा हे सगळे त्या दीड लिटरमध्ये धरायचे की नाही, यावर एकाच वॉर्डात दोन मते असतात.

याहून विचित्र गोष्ट सलाईनची. अँटिबायोटिक ज्या १०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये देतात, त्यात ०.९ ग्रॅम मीठ असते. दिवसातून तीनदा दिले की २.७ ग्रॅम. ताटातले मीठ काढून घ्यायचे आणि शिरेतून द्यायचे, ही विसंगती ज्यांच्या हातून घडते त्यांनाच आधी दिसते. पण द्रावण बदलण्याचा अधिकार त्यांच्याकडे नसतो.

पाणी आणि मीठ तोडण्याविषयीचा पुरावा फार उशिरा आला. २०१३ मध्ये, रुग्णालयात दाखल असलेल्या ७५ रुग्णांवरच्या चाचणीत पाणी आणि मीठ दोन्ही कडकपणे तोडले गेले. वजन उतरण्यात फरक पडला नाही, तहान मात्र वाढली. २०२२ मध्ये ८०६ रुग्णांच्या चाचणीत मीठ कमी केल्याने मृत्यू वा दाखल होण्याचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. २०२५ मध्ये ५००हून अधिक स्थिर, घरी राहणाऱ्या रुग्णांत दीड लिटरची मर्यादा आणि मोकळीक यांची तुलना झाली. मर्यादेचा ठळक फायदा दिसला नाही, तहानेचा त्रास तेवढा जास्त. यातली शेवटची चाचणी वॉर्डातल्या धाप लागलेल्या रुग्णांवर नव्हती, हे मान्य. तरी इतकी वर्षे ज्या सूचनेपायी भांडणे झाली तिचा पाया इतका पातळ असावा, हे खटकतेच.

दरम्यान औषधांची यादी वाढली. पूर्वी या आजारात वर्ज्य मानले जाणारे बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी औषधे) १९९०च्या दशकाअखेरीस आवश्यक ठरले. १९९९ मध्ये स्पायरोनोलॅक्टोन या शरीरात पोटॅशियम धरून ठेवणाऱ्या औषधाचा मोठा फायदा सिद्ध झाला, आणि पाठोपाठ कॅनडाच्या एका प्रांतात पोटॅशियम वाढून दाखल होणारे रुग्ण हजारी २.४ वरून ११ वर गेले. म्हणजे ज्या पोटॅशियमच्या घसरणीवर नजर ठेवायची सवय होती, त्याच्या वाढीचीही धास्ती आली. ‘लो सोडियम’ मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते, हे रुग्णाला सांगणे भाग पडले. पण २००२ मध्ये ३०० नर्सना या आजाराविषयी २० प्रश्न विचारले गेले तेव्हा सरासरी गुण १५च्या आसपास आले, आणि पोटॅशियमयुक्त मीठ व त्रास नसताना कमी असलेले बीपी याच प्रश्नांवर बऱ्याच जणी अडल्या. दोष त्यांचा कितपत? नियम बदलत होते, प्रशिक्षण मागे राहत होते.

डिस्चार्जच्या वेळचे शिक्षण हा वेगळा भार. २००५ च्या एका चाचणीत नर्सने तासभर समोरासमोर समजावल्यावर रुग्ण पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण कमी झाले. तासभर! अनेक ठिकाणी त्याच वेळात तिला आणखी चार रुग्णांची औषधे द्यायची असतात. २०१२ पासून अमेरिकेत ३० दिवसांत जास्त रुग्ण परतल्यास रुग्णालयांच्या देयकात कपात होऊ लागली. त्यातून फोनवर चौकशी वाढली, तशी कागदपत्रेही वाढली. या धोरणानंतर मृत्यू वाढले की नाही यावर संशोधकांत अजून मतभेद आहेत.

अलीकडचा कल घाईचा आहे. चार गटांची औषधे रुग्णालयातच सुरू करायची आणि डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत डोस पूर्ण मात्रेपर्यंत न्यायचा. लघवीच्या औषधाचा परिणामही आता दुसऱ्या दिवसापर्यंत थांबून पाहायचा नाही: दोन तासांनी लघवीतले सोडियम तपासायचे, पहिले सहा तास दर तासाची लघवी मोजायची आणि ती १०० ते १५० मिलीच्या खाली राहिली तर डोस दुप्पट करण्यासाठी डॉक्टरांना कळवायचे. रात्रपाळीला तीस खाटांमागे दोघीच असतील, तर दर तासाचे हे मोजमाप कोण करणार, याविषयी मार्गदर्शक तत्त्वांत ओळ सापडत नाही.